डावा रकाना

जुळाऱ्यांनी झेड, ए आणि एक्स ही तीन अक्षरं पटाच्या कडेच्या तिप्पट गुणांच्या चौकटीपर्यंत नेऊन भिडवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "सत्तावन्न."

जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांचे हात थांबले. लेकीने पटाकडे पाहिलं, जावयाने लेकीकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून विहीणबाईंकडे पाहिलं. जुळाऱ्यांची बायको खेळत नसे. ती बाजूला बसून मोजे रफू करी आणि सगळ्यांच्या हातातली अक्षरं बघून आळीपाळीने उसासे टाकी. तिचीही सुई थांबली.

"व्याही, असा शब्द आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे तर."

"अर्थ?"

इथे या घरातला नियम सांगायला हवा. विहीणबाई चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्यातली शाळा काही निवृत्त झालेली नव्हती. दर रविवारी संध्याकाळी शब्दांचा पट मांडला जाई, सगळ्यांचे मोबाइल वेताच्या टोपलीत जमा होत आणि टोपली फ्रिजवर जाई. शब्द कितीही छोटा लावा, कितीही विचित्र लावा, पण विचारल्याबरोबर अर्थ सांगता आला पाहिजे. नाही आला तर अक्षरं उचला आणि गप्प बसा.

जुळाऱ्यांना अर्थ येत नव्हता. शब्द मात्र शंभर टक्के होता, कारण तो त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवला होता.

जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून छापखान्यात मजकूर जुळवणारा माणूस. हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्यांना उलटी, सुलटी, अंधारात बोटांनी चाचपूनसुद्धा ओळखता येत, पण त्या अक्षरांच्या पोटात काय आहे याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही. छापखाना बंद पडायच्या आधी एक शेवटचं मोठं काम आलं होतं: शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांसाठी खिशात मावेल अशी पुस्तिका. डाव्या रकान्यात छोटे छोटे इंग्रजी शब्द ठळक टाइपात, उजव्या रकान्यात त्यांचे इंग्रजी अर्थ बारीक टाइपात. मालकाने डोकं चालवलं. काम लवकर व्हावं म्हणून हस्तलिखिताची पानं कात्रीने उभी कापली, डावी बाजू जुळाऱ्यांना दिली आणि उजवी बाजू पलीकडच्या टेबलावरच्या सोबत्याला. त्या दिवसापासून छापखान्यात दोघांची नावंच पडली, डावा आणि उजवा. उजवा मॅट्रिक झालेला होता आणि जोडलेली पानं बांधायचं कामही त्याच्याकडेच होतं. डाव्याकडे नुसते शब्द. ते मात्र असे डोक्यात बसले की तीस वर्षांनीही हलले नाहीत.

जुळारी आणि त्यांची बायको लेकीकडे आले होते ते आठ दिवसांसाठी. स्वतःच्या घरातल्या फरशा फुगून वर आल्या होत्या. फरशीवाल्याने "काका, आठवड्याचं काम" असं छातीठोकपणे सांगितलं, सगळी जमीन उकरली आणि तो दिसेनासा झाला. त्याला आता पाच आठवडे उलटले होते. लेकीच्या घरी माणूस कितीही लाडका असो, तिसऱ्या आठवड्यानंतर तो पाणीसुद्धा विचारून प्यायला लागतो. त्यातून या घरात बोलताना निम्मे शब्द इंग्रजी. जुळारी मान डोलवत बसत आणि लेक घाईघाईने म्हणे, "बाबांना तसं कळतं हं." त्यातला तो 'तसं' जुळाऱ्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचायचा. आयुष्यात एकदा तरी लेकीने तो 'तसं' गाळून वाक्य बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि आज समोर सत्तावन्न गुण होते.

सकाळीच त्यांचं फरशीवाल्याशी फोनवर बोलणं झालं होतं. "निघालोच काका, वाटेत आहे," असं तो चौथ्यांदा म्हणाला होता. त्याचाच राग आता तोंडातून बाहेर पडला.

"झॅक्स म्हणजे, काम उकरून ठेवून पसार होतो ना, तसा माणूस."

विहीणबाईंनी डोळे बारीक केले. मग पाठ ताठ करून म्हणाल्या, "हं. ठाऊक आहे मला."

जुळाऱ्यांच्या जिवात जीव आला. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ याच वाक्यात होतं. विहीणबाईंना ठाऊक आहे म्हटल्यावर तो अर्थ तपासायचा म्हणजे विहीणबाईंनाच तपासायचं, आणि ते धाडस या घरात, किंवा त्यांच्या हाताखालून गेलेल्या निम्म्या गावात, कोणातच नव्हतं. त्यांचा जाडजूड शब्दकोश काचेच्या कपाटात कुलपात असे आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

"माझ्या बाबांना येतं!" लेक नवऱ्याला म्हणाली. 'तसं' नव्हता. जुळाऱ्यांना त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी चार शब्द लावले. कल्पनाशक्ती अजून तापलेली नसल्यामुळे पहिल्या तिन्ही शब्दांचा अर्थ त्यांनी "एक प्रकारचा मासा" असा सांगितला. पहिल्या माशाला विहीणबाई "ठाऊक आहे" म्हणाल्या, दुसऱ्याला नुसत्या "हं" म्हणाल्या आणि तिसऱ्याला म्हणाल्या, "व्याही, समुद्र संपला की नाही अजून?"

तेव्हा जुळारी किनाऱ्यावर आले आणि आजूबाजूला जे दिसेल त्याला अर्थ म्हणून धरू लागले. ओ आणि ई ही दोन अक्षरं लावली तेव्हा ते नुकतेच खुर्चीतून उठले होते. "गुडघ्यावर हात ठेवून उठताना तोंडातून निघतो तो आवाज," ते म्हणाले. सी, डब्ल्यू आणि एम लावली तेव्हा जावयाने विचारलं, "यात स्वर कुठाय?" जुळारी म्हणाले, "त्याला लागत नाही. क्वम म्हणजे पलंगाखालची ती जागा, जिथे दोनपैकी एकच चप्पल जाते." जावई उठून गेला आणि आठ दिवस हरवलेली डावी चप्पल घेऊन परत आला. त्यानंतर त्याने स्वरांबद्दल कधी विचारलं नाही.

एन, ई आणि बी लावली तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, "अर्थ?" आणि जुळाऱ्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांची बायको म्हणाली, "असेल काहीतरी पक्षीबिक्षी."

जुळाऱ्यांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "नेब म्हणजे दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस."

टेबलावर हशा पिकला. बायकोने मोजा टेबलावर आपटला.

झोपायच्या खोलीत तिने दार लावून घेतलं. "मला नेब म्हणालात?"

"मी नाही म्हणालो. इंग्रजी भाषा म्हणाली."

"इंग्रजी भाषा कसली! चव्वेचाळीस वर्षं ओळखते तुम्हाला. थाप मारताना तुमचा डावा कान लाल होतो. खरं सांगा."

जुळाऱ्यांनी खरं सांगितलं. बायको पलंगावर बसली. "अहो, म्हणजे एकाचाही अर्थ येत नाही?"

"एकाचाही नाही."

"आणि मासे?"

"मासेसुद्धा नाहीत."

"मग थांबवा हे. उद्या उघडं पडलं तर तुमचं काय व्हायचं ते होईल, पण पोरीची मान खाली जाईल सासूसमोर. ती किती मिरवतेय बघताय ना?"

जुळारी बघत होते. तीच तर पंचाईत होती. लेक एवढी खुशीत असताना तिला जाऊन सांगायचं तरी कसं? फरशी झाली की आपण आपल्या घरी जाऊ आणि विषय आपोआप मिटेल, असं त्यांनी बायकोला आणि स्वतःला समजावलं.

पण शब्द एकदा सुटले की आपापल्या वाटेने जातात. घरात तर ते कधीच रुळले होते. खुर्चीतून उठताना जावई "ओई" म्हणू लागला होता. झाडूवालीला "क्वममधून काढ ग" असं सांगितलं की ती बरोबर पलंगाखाली वाकायची. लेकीने ऑफिसात एका सहकाऱ्याला झॅक्स म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत त्या ऑफिसात तीन झॅक्स सापडले. ऑफिसातल्याच एका बाईच्या घरीही फरशीचंच काम चाललेलं होतं, तेही त्याच फरशीवाल्याकडून. बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं, "तुमच्यासारख्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात माहितीये?" आणि शब्द कोणाकडून आला तेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फरशीवाल्याचा फोन स्वतःहून आला. हे सहा आठवड्यांत पहिल्यांदाच घडत होतं.

"काका, तुम्ही मला झॅक्स म्हणता म्हणे."

"अहो, तसं नाही..."

"बारा वर्षं झाली मला या धंद्यात. लोकांनी मराठीत शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. पण इंग्रजीत शिवी नव्हती दिली कोणी. मी नाही येणार आता. बघा दुसरा कोणी मिळतो का."

जुळाऱ्यांनी फोन खाली ठेवला. बायको म्हणाली, "घ्या. आता झॅक्ससुद्धा येणार नाही."

म्हणजे लेकीकडचा मुक्काम वाढला, मुक्काम वाढला म्हणजे रविवार वाढले आणि रविवार वाढले म्हणजे अर्थही वाढले. विहीणबाई गावातल्या वाचनालयाच्या समितीवर होत्या. तिथल्या दर्शनी फळ्यावर एके दिवशी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'या आठवड्याचा छोटा शब्द: क्वम.' खाली अर्थ आणि त्याच्याखाली 'संकलन: आमचे व्याही'. पुढच्या आठवड्यात नेब आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात झॅक्स. वाचनालयात येणारे लोक पुस्तकं बदलण्याआधी फळा वाचू लागले. शब्द वहीत उतरवून घेऊ लागले. ग्रंथपाल म्हणाले की इतकी गर्दी पाहिली ती वाचनालयाला आग लागली होती त्यानंतर आताच.

आणि मग फळ्यावर लिहून आलं, 'छोट्या शब्दांची स्पर्धा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात. सर्वांस प्रवेश. पंच: आमचे व्याही.'

"विहीणबाई, मला कशाला पंच?" जुळारी काकुळतीला येऊन म्हणाले. "मी साधा छापखान्यातला माणूस."

"म्हणूनच. प्राध्यापकांचं कोण ऐकतंय?"

"मला बरं वाटत नाहीये."

"रविवारपर्यंत वाटेल," विहीणबाई म्हणाल्या. चौतीस वर्षं त्यांनी परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारी मुलं पाहिली होती.

रविवारी सभागृह भरलं. लेकीने बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ऑफिसातल्या सहा जणांना बोलावलं होतं. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या प्रत्येकाला स्टेजकडे बोट दाखवून सांगत होती, "ते माझे बाबा." जुळाऱ्यांना स्टेजवरून ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचता येत होते. समोर टेबलावर एक पितळी घंटा होती. उत्तर बरोबर असेल तर एकदा वाजवायची, चूक असेल तर दोनदा.

सुरुवात झोकात झाली. जुळाऱ्यांनी "क्वम" म्हटल्याबरोबर वीस हात वर गेले. "नेब" म्हटल्यावर एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग जुळारी म्हणाले, "झॅक्स."

"काम उकरून पसार होणारा!" निम्मं सभागृह एका सुरात ओरडलं.

जुळाऱ्यांनी घंटा उचलली. तेवढ्यात अगदी मागून एक किरटा आवाज आला.

"चूक. छपरावरच्या दगडी पाट्या तासायचं आणि त्यांना खिळ्यासाठी भोक पाडायचं हत्यार."

लोक मागे वळून हसले. जुळारी हसले नाहीत. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी तो पलीकडच्या टेबलावरून दिवसातून दहा वेळा यायचा, "डाव्या, लवकर आटप, माझा रकाना पुढे गेला!" शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, टक्कल पडलेला आणि निम्मा झालेला, उजवा बसला होता.

"पंच, निर्णय!" कोणीतरी ओरडलं.

जुळाऱ्यांच्या हातात घंटा होती. दोनदा वाजवली की काम भागलं असतं. सभागृह त्यांच्या बाजूचं होतं, लेक पुढे सरकून बसली होती आणि उजव्याचं म्हणणं तिथे कोणाला पटणार नव्हतं. पण जुळाऱ्यांनी आयुष्यभर एक शिस्त पाळली होती. छापून झाल्यावर चूक सापडली तर ती दडवायची नाही, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र लावायचं. एकदा एका लग्नपत्रिकेलासुद्धा त्यांनी शुद्धिपत्र लावलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी घंटा एकदाच वाजवली.

"त्यांचं बरोबर आहे," ते उभे राहून म्हणाले. "माझं चूक आहे. झॅक्सच नाही, सगळेच अर्थ चूक आहेत. मला यातल्या एकाही शब्दाचा अर्थ येत नाही. मी मनाने सांगत होतो. मला माफ करा."

लेकीचं तोंड उघडं राहिलं होतं. जुळाऱ्यांना वाटलं, आता संपलं.

"मग काका, खरे अर्थ कुठले?" ग्रंथपालांनी घाबरून विचारलं.

आणि जुळाऱ्यांनी श्वास घ्यायच्या आत तिसऱ्या रांगेतून त्यांची बायको उभी राहिली. "अहो, कुठे यांचं ऐकत बसलात! यांचं हे नेहमीचंच आहे. जरा कौतुक झालं की यांना ताप भरतो. आमच्या लग्नातसुद्धा म्हणत होते, मी हिच्या लायकीचा नाही!"

मग पहिल्या रांगेतून लेकीच्या ऑफिसातलं कोणीतरी ओरडलं, "नेब!" आणि सभागृह हसून हसून लोटपोट झालं. त्या हसण्यात विहीणबाई उठल्या. त्या उठल्या की गाव आपोआप गप्प होई.

"मोठा माणूस असाच असतो," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून व्याह्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. हा विनय आपण शिकण्यासारखा आहे."

"नाही हो, खरंच मला काही येत नाही!" जुळारी हात जोडून म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ते जितके परोपरीने सांगत गेले तितक्या टाळ्या वाढत गेल्या. शेवटी लोक उभे राहिले. लेक डोळे पुसत होती. सबंध संध्याकाळभरात एकच उत्तर खरं आलं होतं, आणि ते देणाऱ्या उजव्याला विहीणबाईंच्या हस्ते उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी उजवा बक्षिसाची पेन्सिल कानावर खोचून उभा होता. जुळारी त्याच्यापुढे गेले.

"माफ कर रे," ते म्हणाले. "तुझा उजवा रकाना मी पार धुळीला मिळवला."

उजव्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सोड रे डाव्या. तुला म्हणून सांगतो, माझा तरी रकाना कुठे धड होता? बारीक टाइपात ई हे अक्षर नेहमी कमी पडायचं. आठवतं? मालक नवीन टाइप आणायचा नाही. मग ई संपले की मी सरळ जुळवून टाकायचो, 'एक प्रकारचा मासा'. इंग्रजीत त्याला एकही ई लागत नाही."

जुळारी पुढे झुकले. "किती मासे टाकलेस?"

"पंधरा मासे आहेत त्या पुस्तिकेत. चौदा माझे. एकच देवाने केलेला आहे."

"तो कुठला?"

"आय, डी, ई. आयड. तो खराच मासा आहे, गोड्या पाण्यातला. मी त्याच्यापुढे प्रामाणिकपणे मासा जुळवला, तर प्रूफ वाचणाऱ्याने नेमकी तिथेच शंका काढली."

दोघं इतके हसले की चहावाल्या बाईंनी त्यांच्या हातातले कप काढून घेतले.

निघण्यापूर्वी जुळाऱ्यांनी उजव्याकडून झॅक्सचा अर्थ पुन्हा एकदा नीट विचारून घेतला आणि वाचनालयाच्या पायरीवरूनच फरशीवाल्याला फोन लावला.

"अहो, तुमचा गैरसमज झालाय. झॅक्स ही शिवी नाही. हत्यार आहे. दगडाच्या पाट्या तासायचं, कुशल कारागिराच्या हातातलं. खात्री करून सांगतोय."

"आमच्याच धंद्यातलं?"

"तुमच्याच."

"मग काका, आधी नाही का सांगायचं!" फरशीवाल्याचा आवाज एकदम विरघळला. "मी इकडे नुसता जळत बसलोय. उद्या सकाळी येतो."

आणि तो आला. उकरून ठेवलेलं काम त्याने चार दिवसांत पुरं केलं आणि जाताना हत्यारांच्या पिशवीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत 'झॅक्स' लिहवून घेतलं. जुळाऱ्यांनी सांगितलेला हा पहिलाच खरा अर्थ, आणि त्याने त्यांना स्वतःचं घर परत मिळवून दिलं.

जायच्या आदल्या रविवारी पट शेवटचा मांडला गेला. सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. लेक कधी नव्हे ती गप्प होती. जुळाऱ्यांनी ठरवलंच होतं की आज साधे शब्द लावायचे, अर्थ येणारे. त्यांनी 'कप' लावला, मग 'दार' या अर्थाचा शब्द लावला, आणि त्यात ते सरळ सरळ हरत होते. तरीही लेक जावयाला म्हणाली, "बाबा मुद्दाम हरतायत."

विहीणबाईंची पाळी आली. त्यांनी अक्षरं दोनदा मागेपुढे केली. मग त्यांनी तीन अक्षरं उचलली आणि पटावर अगदी सरळ रेषेत मांडली. आय, डी, ई. सगळे मिळून चार गुण.

जुळाऱ्यांनी मान वर केली. त्यांच्या नकळत त्यांची नजर विहीणबाईंच्या मागच्या काचेच्या कपाटाकडे गेली. जाडजूड शब्दकोश आज आडवा ठेवलेला होता आणि त्याच्या पानांतून कागदाच्या बारीक चिठ्ठ्या डोकावत होत्या. शेवटी झेडच्या पानांत एक, सी आणि एनच्या पानांत एकेक, मधे इतरत्र विखुरलेल्या आणखी. जुळाऱ्यांनी सवयीने मोजल्या. त्यांनी आजवर जितके अर्थ सांगितले होते तितक्याच त्या होत्या. झेडच्या पानांतली चिठ्ठी तर इतके आठवडे तिथे राहिल्यामुळे टोकाला दुमडून मळली होती.

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. या टेबलावर विहीणबाईंना अर्थ विचारायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

"अर्थ?" जुळाऱ्यांनी विचारलं.

विहीणबाईंनी मधलं अक्षर बोटाने उगाचच जरा सरळ केलं.

"चांगले पाहुणे निघून गेले," त्या म्हणाल्या, "की टेबलापाशी जी खुर्ची उरते ना, ती."

बायकोची सुई थांबली. लेकीने झटकन खिडकीबाहेर पाहिलं. जुळाऱ्यांनी गुणांची वही पुढे ओढली आणि विहीणबाईंच्या नावाखाली चार हा आकडा ठळक काढला.

"हं," ते म्हणाले. "ठाऊक आहे मला."